गवत, खजुरी आणि शेजाऱ्याचे घर

दर शुक्रवारी संध्याकाळी आणि पुन्हा शनिवारी सकाळी आपल्या प्रार्थनालयांत ९२वे स्तोत्र म्हटले जाते. येरुशलेमचे मंदिर उभे होते तेव्हा शब्बाथच्या दिवशी लेवी हेच स्तोत्र गात असत, अशी मिश्नाच्या तामीद या भागात नोंद आहे. इतकी शतके जिभेवरून गेलेल्या शब्दांचे नदीतल्या गोट्यांसारखे होते. ते गुळगुळीत होतात, हाताला सुखद लागतात, आणि त्यांना कधी काळी कडा होत्या याचा विसर पडतो.

या स्तोत्रात दुर्जनांच्या भरभराटीला गवताची आणि नीतिमान मनुष्याच्या वाढीला खजुरीची व लबानोनच्या एरेझ वृक्षाची उपमा दिली आहे, एवढे आपल्यातील बहुतेकांना ठाऊक असते. एवढेच ठाऊक असल्यामुळे तिचा जो वापर आपल्या समाजात होतो, त्याविषयी आज लिहावयाचे आहे. कोणाचे दुकान चांगले चालू लागले, कोणी दिमोन्यातील जुनी सदनिका विकून अश्दोदला समुद्राजवळ घर घेतले, कोणाच्या मुलाला संगणकाच्या कंपनीत मोठा पगार मिळू लागला, कोणी मुलीच्या मेंदीला तीनशे पाहुणे बोलाविले, की हे सारे गवत आहे, चार दिवसांत वाळेल, असे म्हणणारा कोणीतरी भेटतोच. पुढे त्या घरावर खरोखरच संकट आले, दुकान बुडाले किंवा कर्जामुळे घर गेले, तर तोच गृहस्थ समाधानाने मान डोलावतो. आपण मत्सर केला असे त्याला वाटतच नाही, कारण त्याच्या हाती तेहिल्लीमचे पुस्तक असते.

माझे म्हणणे असे आहे की तनाखच्या कवींनी वनस्पतींची ही भाषा शेजाऱ्याच्या घरावर फेकण्यासाठी घडविली नाही. ज्या एका ग्रंथात ती दुसऱ्यावर फेकलेली दिसते, तेथे फेकणाऱ्यांचा निषेध खुद्द परमेश्वराने केला आहे. ते कसे, हे पाहण्यापूर्वी गवताकडे पाहिले पाहिजे.

आपल्या वाडवडिलांचे गवत कोकणचे होते. अलिबाग, पेण, रोहे, मुरूड, रेवदंडा या परिसरात दोन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. मृगाच्या सरींनंतर उगवलेले गवत दिवाळीपर्यंत गुडघाभर उभे असते. मग ते कापावयाचे, भारे बांधावयाचे, गुरांसाठी रचून ठेवावयाचे, घर शाकारावयाचे. कोकणातल्या माणसाला गवत क्षुद्र वाटत असेल, पण क्षणभंगुर वाटत नाही. म्हणून मराठीत स्तोत्रे वाचताना गवत म्हणजे ‘कवडीमोलाचे’ असा अर्थ आपल्या मनात आपोआप उमटतो. जोसेफ यहेज्केल राजपूरकरांसारख्या विद्वानांनी एकोणिसाव्या शतकात हिब्रू प्रार्थना मराठीत आणून आपल्यावर अनंत उपकार केले. १८८०च्या सुमारास मुंबईत सुरू झालेल्या आपल्या कीर्तनांनी तनाखच्या कथा घराघरांत पोचविल्या. परंतु शब्दांबरोबर हवामान आणता येत नाही. हिब्रू कवीचे गवत कोकणच्या गवताहून वेगळे आहे, आणि त्याचा सारा अर्थ त्या वेगळेपणात आहे.

बेरशेव्याला वर्षाकाठी सुमारे दोनशे मिलीमीटर पाऊस पडतो, म्हणजे अलिबागेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. खेश्वान-किस्लेवमध्ये पहिल्या सरी येतात. श्वात-अदारमध्ये नेगेवच्या उजाड टेकड्यांवर हिरवा रंग चढतो, त्यांत लाल कलानियोत फुलतात, आणि शहरांतून माणसे ती शोभा पाहावयास जातात. मग निसान-इय्यारमध्ये वाळवंटाकडून शाराव वाहू लागतो. दोन-तीन दिवस पुरतात. ज्या उतारावर गेल्या आठवड्यात मुले फुलांमध्ये छायाचित्रे काढीत होती, तो उतार पिवळा, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा मातीच्या रंगाचा होतो. मोशेची प्रार्थना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ९०व्या स्तोत्रात सकाळी तरारलेले गवत संध्याकाळी सुकते असे वर्णन आहे. कोकणातून आलेल्या माणसाला ती अतिशयोक्ती वाटते. नेगेवमध्ये दोन-चार वसंत काढलेल्या माणसाला वाटत नाही. यशयाच्या ४०व्या अध्यायात गवतावर फुंकर घालणारा परमेश्वराचा वारा आहे, तोही मला हाच शाराव वाटतो.

या गवतात खोटे काही नाही. ते खरेच हिरवे असते, खरेच सुंदर असते. कवीची तक्रार असेल तर ती त्याच्या मुदतीविषयी आहे.

गवताची एक उपमा मात्र उघडउघड शापाची आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १२९व्या स्तोत्रात सियोनचा द्वेष करणारे लोक छपरावरच्या गवतासारखे होवोत, असे मागणे आहे. जुन्या काळी या देशात घरांची छपरे सपाट असत, त्यांवर मातीचा थर देऊन तो दगडी रुळाने चोपून बसवीत. पावसाळ्यात त्या मातीत वाऱ्याने आलेले बी रुजे. मुळांना खोली नाही, म्हणून ऊन पडताच ते करपे. कोकणात श्रावणात कौलांवर उगवणारे हिरवे तुरे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे चित्र लगेच उमजेल. कवी आणखी पुढे जातो: अशा गवताने कापणाऱ्याची मूठ भरत नाही आणि वाटेने जाणारे त्या कापणाऱ्याला आशीर्वाद देत नाहीत. रूथच्या पुस्तकात बवाज शेतावर येतो तेव्हा त्याने व मजुरांनी एकमेकांना दिलेले आशीर्वाद आठवावेत. पिकाच्या शेतात हा रिवाज होता, छपरावर तो कोण करणार? शाप तिखट आहे. पण तो कोणाला आहे? पिढ्यान्‌पिढ्या इस्राएलच्या पाठीवर नांगर चालविणाऱ्या शत्रूला. आपल्याच मोहल्ल्यातील, आपल्याच मिन्यानमध्ये उभा राहणारा, अश्दोदला घर घेतलेला माणूस त्यात बसत नाही.

आता शब्बाथच्या स्तोत्राकडे वळू. त्यात एक गोष्ट आहे जी भाषांतरात हमखास हरवते. दुर्जन गवतासारखे फुलतात आणि नीतिमान खजुरीसारखा फुलतो, या दोन्ही ठिकाणी कवीने एकच हिब्रू धातू वापरला आहे, पे-रेश-खेत, ज्यापासून फुलाला ‘पेराख’ म्हणतात. मराठीत एका ठिकाणी ‘उगवणे’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘समृद्ध होणे’ असे शब्द आले की दोन वेगळ्या क्रिया घडत आहेत असे वाटते. मुळात क्रिया एकच आहे. याचा अर्थ, फुललेल्या माणसाकडे नुसते पाहून तो गवत आहे की खजुरी आहे हे सांगता येत नाही. अदार महिन्यात दोन्ही हिरवीच दिसतात. ज्याला हे आजच सांगता येते असे वाटते, त्याने कवीपेक्षा अधिक ज्ञानाचा दावा केला आहे.

मग भेद कोठे आहे? तो पुढच्याच ओळीत, ‘शातूल’ या शब्दात आहे. नीतिमान लोक परमेश्वराच्या घरात ‘शातूल’ आहेत. पहिल्या स्तोत्रात पाण्याच्या पाटांजवळचे झाड ‘शातूल’ आहे, आणि यिर्मयाच्या १७व्या अध्यायात पाण्यापाशी मुळे पसरणारे झाडही ‘शातूल’ आहे. हिब्रूत झाड लावणे यासाठी नेहमीचा धातू वेगळा आहे, ‘नाता’. ‘शाताल’ विरळा येतो, आणि अनेक अभ्यासक त्याचा अर्थ ‘एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी लावलेले’ असा घेतात. आजच्या बोलीतही तो धागा तुटलेला नाही. रोपाला आपण येथे ‘शतील’ म्हणतो, रोपवाटिकेला ‘मश्तेला’, आणि इस्पितळात एकाचे मूत्रपिंड दुसऱ्याच्या शरीरात बसवितात तेव्हा त्या शस्त्रक्रियेला ‘हश्ताला’ म्हणतात.

कोकणच्या माणसाला यासाठी शब्दकोश उघडण्याची गरज नाही. भाताची रोपे आधी दाट पेरावयाची, वीतभर झाली की उपटावयाची, जुड्या बांधावयाच्या, आणि चिखलात वाकून एकेक चूड लावावयाचा. ही लावणी ज्यांनी पाहिली किंवा केली त्यांच्या घरांतून आपण आलो. उपटल्यावर रोप दोन-तीन दिवस मान टाकते, पिवळे पडते. नवखा माणूस म्हणेल, मेले. शेतकरी तसे म्हणत नाही. न उपटलेले, पेरल्या जागी दाट राहिलेले रोप मात्र भरघोस लोंबी देत नाही, हेही त्याला ठाऊक असते.

याच्या उलट बाजूला ३७व्या स्तोत्रातील एक विलक्षण उपमा ठेवून पाहावी. वृद्ध कवी म्हणतो की त्याने एक जुलमी माणूस पाहिला, आपल्या मातीत पसरलेल्या हिरव्यागार झाडासारखा. आणि नंतर पाहतो तो तो नव्हता. येथे हिब्रू शब्द आहे ‘एझराख’. तोराहमध्ये ‘एझराख’ म्हणजे त्याच भूमीत जन्मलेला मनुष्य, ‘गेर’ म्हणजे बाहेरून येऊन राहिलेला. आणि दोघांना एकच नियम, असे तोराह पुन्हा पुन्हा बजावते. आज ‘एझराख’ म्हणजे नागरिक, आणि ‘एझराखूत’च्या कागदांसाठी रांगेत उभे राहिलेल्यांना तो शब्द चांगलाच परिचित आहे. जुन्या ग्रीक भाषांतरात या ठिकाणी लबानोनच्या एरेझचा उल्लेख आहे, तेव्हा मूळ पाठाविषयी वाद होऊ शकतो. पण आपण जो हिब्रू पाठ वाचतो त्यात नाहीसा होणारा माणूस कधीही न हललेल्या झाडासारखा आहे, आणि टिकणारा माणूस उपटून लावलेल्या रोपासारखा.

१९६०नंतरच्या काही वर्षांत आपल्या समाजाला या देशात आपली मुळे दाखवा असे सांगण्यात आले होते. विवाहाच्या प्रश्नावरून झालेला तो अपमान आणि १९६४मध्ये मिळालेली पूर्ण ज्यू म्हणून मान्यता, दोन्ही जुन्या मंडळींना आठवतात. त्या काळी कोणी हे दोन शब्द समोर ठेवले होते की काय, मला ठाऊक नाही. ठेवावयास हवे होते.

परंतु यावरून ‘आपण लावलेले, म्हणून आपण टिकणार’ अशी शेखी मिरविण्याचेही कारण नाही. यहेज्केल संदेष्ट्याने हाच ‘शातूल’ शब्द घेऊन उलटा प्रश्न विचारला आहे. त्याच्या १७व्या अध्यायातील द्राक्षवेल चांगल्या जमिनीत, भरपूर पाण्याजवळ लावलेली आहे. तरी तो विचारतो, लावली खरी, पण ती फोफावेल काय? पूर्वेचा वारा लागताच वाफ्यातच सुकून जाणार नाही काय? हे रूपक मिसरवर भरवसा ठेवणाऱ्या सिदकिया राजाविषयी आहे. १९व्या अध्यायातील शोकगीतात तर वेल पाण्याजवळून उपटली जाऊन वाळवंटात लावली जाते, आणि तेथेही तोच शब्द येतो. लावणीने हमी मिळत नाही. कोणत्या पाण्याजवळ लावले, हा प्रश्न उरतोच, आणि तो बिनपगारी शिपायासारखा प्रत्येक पिढीच्या दारात उभा असतो.

खजुरीचे म्हणाल तर तिच्याइतके या शब्दाला शोभणारे झाड नाही. चांगल्या जातीची खजुरी बी पेरून मिळत नाही. आईच्या बुंध्याशी फुटलेले पिल्लू कापून दुसरीकडे लावावे लागते. आज किन्नेरेतच्या काठी आणि अरावामध्ये ज्या बागा आपण पाहतो, त्यांतील एकही प्राचीन यहूदियाच्या बागांतून अखंड चालत आलेली नाही. किन्नेरेतच्या बेन-सियोन इस्राएली यांनी १९३०च्या दशकात इराक व आसपासच्या देशांतून पिल्ले आणून येथे नव्याने लागवड सुरू केली. म्हणजे ज्या झाडाला आपण या भूमीची खूण मानतो, तेही स्थलांतर करून आले आहे. मसादाच्या उत्खननात सापडलेली सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची खजुराची एक बी २००५मध्ये केतुरा किबुत्झमध्ये रुजली. त्या नर झाडाला मेतुशेलाख हे नाव दिले. त्याच्या परागाने, यहूदियाच्या वाळवंटातील दुसऱ्या जुन्या बीपासून वाढलेल्या हन्ना नावाच्या मादी झाडाला २०२०मध्ये फळे आली. म्हातारपणीही फळ देणाऱ्यांविषयी ९२व्या स्तोत्राच्या अखेरीस जे म्हटले आहे, त्याला इतका शब्दशः दाखला मिळेल असे कवीलाही वाटले नसेल.

आता इय्योबाकडे. माझ्या मते हा सारा वाद त्याच्या पुस्तकात निकालात निघाला आहे, पण त्याचा तो भाग फारसे कोणी वाचीत नाही. इय्योब श्रीमंत होता. गुरे गेली, मुले गेली, शरीर सडले. तीन मित्र सांत्वनाला आले आणि सात दिवस काही न बोलता जमिनीवर बसले. तेथपर्यंत ते चांगले होते. मग ते बोलू लागले, आणि त्यांच्या बोलण्यात वाळलेली झाडे किती आहेत ते मोजावे. एलीफजने मूळ धरलेला मूर्ख पाहिला आहे आणि त्याचे घर क्षणात शापित झालेलेही. पुढे तो कच्ची द्राक्षे झाडणारी वेल आणि मोहोर गाळणारे जैतुनाचे झाड आणतो. बिल्ददच्या एका भाषणात मुळे खालून सुकतात आणि फांदी वरून छाटली जाते. त्याच्या पहिल्या भाषणात, ८व्या अध्यायात, तर चित्रे इतकी सुंदर आहेत की ऐकणारा फसतो. चिखल नसेल तर ‘गोमे’ वाढेल काय? पाणी नसेल तर बोरू वाढेल काय? हिरवा असतानाच, कापण्याआधीच, तो इतर सर्व गवताच्या आधी सुकतो.

‘गोमे’ म्हणजे ज्याचा प्राचीन मिसरमध्ये कागद करीत तो पपायरस. वनस्पतिशास्त्रात तो आपल्या लव्हाळ्याच्याच कुळातला. येथे मला थोडे थांबावेसे वाटते. तुकोबांच्या अभंगामुळे मराठी माणसाच्या मनात लव्हाळा म्हणजे महापुरात मोठी झाडे वाहून गेल्यावरही नम्रपणाने तगून राहणारा. बिल्ददच्या तोंडी त्याचाच भाऊबंद सर्वांत आधी मरणारा. दोघेही खरे बोलतात, कारण एकाच्या देशात संकट पाण्याच्या लोंढ्याचे आहे आणि दुसऱ्याच्या देशात पाणी आटण्याचे. उत्तरेत हुलाच्या दलदलीत पपायरसचे जे दाट रान होते, ते १९५०च्या दशकात दलदलीचा निचरा केल्यावर जवळजवळ नाहीसे झाले. १९९४मध्ये काही भागात पुन्हा पाणी सोडावे लागले. बिल्ददचे वनस्पतिज्ञान बिनचूक होते.

बिनचूक होते, आणि तरीही ते बोलणे चुकीचे होते. दहा मुले गमावलेल्या बापाला त्याने हे सांगितले. तुझे वैभव पाण्यावर उभे होते, पाणी सरले, तू वाळलास, तेव्हा तुझ्यात काही खोट असलीच पाहिजे, असा त्याचा अर्थ. एक झाड त्याने आणखी दाखविले: उन्हात टवटवीत, बागभर फांद्या पसरलेले, दगडांत मुळे गुंतविलेले, ते उपटले की ती जागाच म्हणते, मी तुला कधी पाहिले नाही. व्यापारात बुडालेल्या माणसाच्या घराशेजारून जाताना त्याला न ओळखल्यासारखे करणारे लोक मी पाहिले आहेत. बिल्ददने जागेला जे वाक्य दिले ते आपण माणसे बोलून दाखवितो.

पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात परमेश्वर एलीफजला सांगतो की तू आणि तुझे दोघे मित्र माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, माझा सेवक इय्योब बोलला तसे. त्यांना होमार्पण करावे लागते, आणि इय्योबाने त्यांच्यासाठी प्रार्थना केल्यावरच त्यांची सुटका होते. वाळलेल्या गवताची उपमा दुसऱ्याच्या दुःखावर लावल्याचा हा जाहीर निकाल आहे.

आणि इय्योब? तोही झाडांचीच भाषा बोलतो. पण तो ती स्वतःविषयी बोलतो. १९व्या अध्यायात त्याची आशा झाडासारखी उपटली गेली आहे. २९व्या अध्यायात त्याला आठवते की कधी काळी त्याचे मूळ पाण्यापर्यंत पसरले होते आणि रात्रभर फांदीवर दव बसत असे. आपल्या गेलेल्या वैभवाला तो गवत म्हणत नाही, याकडे लक्ष द्यावे. ते खरे होते, चांगले होते, आणि गेले. १४व्या अध्यायात तो माणसाला उमलून गळणाऱ्या फुलाची उपमा देतो, पण लगेच एक भेद दाखवितो. तोडलेल्या झाडाला आशा असते. बुंधा मातीत मेलेला दिसला तरी पाण्याचा नुसता वास लागताच त्याला धुमारे फुटतात. माणूस मात्र आडवा झाला की उठत नाही. पाण्याचा वास! कोकणात पहिल्या पावसाआधी मातीला येणारा सुगंध आपल्याला माहीत आहे, पण येथे वास घेणारे झाड आहे, तेही तोडलेले. धुमारे फुटण्यासाठी इय्योबाने वापरलेला धातू पुन्हा तोच आहे, शब्बाथच्या स्तोत्रातला, पे-रेश-खेत. सर्वस्व गमावलेल्या माणसाने तो शब्द एका ओंडक्याला देऊन टाकला, स्वतःसाठी ठेवला नाही. मित्रांच्या सर्व वक्तृत्वापेक्षा ही एक ओळ मला मोठी वाटते.

इय्योबाची ही वाट धरली की बाकीची स्तोत्रे नीट वाचता येतात. १०३व्या स्तोत्रात माणसाचे दिवस गवतासारखे आहेत, वारा गेला की त्याची जागाही त्याला ओळखत नाही. पण त्याच्या आधीच म्हटले आहे की बाप लेकरांवर दया करतो तशी परमेश्वर दया करतो, कारण आपण माती आहोत हे त्याच्या ध्यानात असते. क्षणभंगुरता येथे दयेचे कारण म्हणून आली आहे. ९०व्या स्तोत्रातील गवत म्हणजे ‘आपण’ सारे, प्रार्थना करणाऱ्यासह. यशयाच्या अध्यायात तर सगळा मानवदेहच गवत आहे. शब्बाथच्या सकाळी ९०वे आणि ९२वे ही दोन्ही स्तोत्रे आपण थोड्याच अंतराने म्हणतो. एकात स्वतःला गवत म्हणून दुसऱ्यात शेजाऱ्याला गवत म्हणणे जमावे तरी कसे?

३७वे स्तोत्र दुर्जनांच्या वाळण्याविषयी आहे खरे, पण ते दुर्जनांना उद्देशून नाही. त्याचा पहिला शब्दच पाहणाऱ्याला आवरतो: जळू नकोस, तापू नकोस. ७३व्या स्तोत्राचा कवी तर सरळ कबूल करतो की गर्विष्ठांचे सुख पाहून त्याला हेवा वाटला. औषध कोणाला दिले आहे ते ओळखून घ्यावे. रोग्याने बाटली उचलून शेजाऱ्याच्या डोक्यात घालावयाची नसते. योनाला हीच शिकवण एका झाडाने दिली. योम किप्पूरच्या दुपारी आपण ती कथा ऐकतो. निनवेचा नाश होत नाही म्हणून योना रुसून बसला, आणि एका रात्रीत वाढून एका रात्रीत सुकलेल्या ‘कीकायोन’साठी हळहळला. ‘कीकायोन’ म्हणजे बहुतेकांच्या मते आपला एरंड, आपल्या परसातला. एका एरंडासाठी तुला एवढे वाईट वाटते, तर एवढ्या मोठ्या नगरीसाठी मला वाटू नये काय, असा परमेश्वराचा प्रश्न आहे, आणि पुस्तक त्या प्रश्नावरच संपते.

यावर कोणी म्हणेल, तर मग लबाडीने मिळविलेल्या पैशाविषयी बोलावयाचेच नाही काय? अवश्य बोलावे. आमोसने खोटी मापे आणि लबाड तराजू यांची नावे घेऊन सुनावले. यशयाने घराला घर आणि शेताला शेत जोडीत जाणाऱ्यांना सुनावले. त्यांनी कृत्याचे नाव घेतले आणि ते तोंडावर सांगितले. वाळण्याची वाट पाहत गप्प बसणे, आणि वाळल्यावर शास्त्र आठवणे, हे संदेष्ट्यांचे काम नव्हे. मेंदीच्या खर्चासाठी कर्ज काढणाऱ्या आपल्या नातलगाला आधी एकांतात समजावावे. ते अवघड असते, म्हणून आपण सोपे काम निवडतो.

मुलांना मात्र हे सारे पुस्तकातून शिकविण्याचा हट्ट मी धरणार नाही. त्यांना हिब्रू आपल्यापेक्षा चांगले येते, पण झाडे ओळखता येत नाहीत. तू बिश्वातला आपल्या मंडळींत मलिदा होतो, तबकात खजूर असतो, केळे असते. खजुरावर झाडाच्या फळाची बेराखा आणि केळ्यावर जमिनीच्या फळाची का म्हणावयाची, एवढे विचारले तरी अर्धा तास रंगतो. त्यानंतर मुलांना एन गेदीला न्यावे. यिर्मयाने मनुष्यावर भिस्त ठेवणाऱ्याला वाळवंटातल्या ‘अरआर’ची उपमा दिली आहे. काहींच्या मते ते जुनिपर. नेओत केदुमीमची बाग उभी करणारे नोगा हारेउवेनी यांच्या मते ते मृत समुद्राकाठचे सदोमचे सफरचंद. मला दुसरे मत पटते, कारण ते झाड आपण ओळखतो. ती आपली रुई, येथे माणसाच्या उंचीहून मोठी झालेली. रखरखीत जागी जाड हिरवी पाने, आणि फळ आंब्याएवढे, हिरवेगार, तहानलेल्याने धावत जावे असे. फळ तोडण्यास तेथे मनाई आहे, पण झाडाखाली फुटून पडलेली सापडतात. आत गर नसतो. थोडी हवा, थोडे रेशमी तंतू, आणि प्रत्येक तंतूच्या टोकाला एक बी. चीक डोळ्यांत जाऊ नये म्हणून मुलांना हात धुण्यास पाणी बरोबर न्यावे.